‘बुशच!’ : एका व्यंगचित्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

२०००च्या नोव्हेंबरात मी मुंबईतल्या एका मराठी सांजदैनिकात उपसंपादक होतो. पेपरचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. आमचे व्यंगचित्रकार सगळ्यांचे ‘अण्णा’ होते आणि वृत्तसंपादक सगळ्यांचे ‘साहेब’. इथे तेवढंच पुरे.

सांजदैनिकाचं घड्याळ वेगळं चालतं. सकाळी सातला डेस्क भरायचं, एकच्या सुमाराला पहिली आवृत्ती सुटायची आणि तीनच्या आत गठ्ठे स्टेशनांवर पोचायचे. दुसरी आवृत्ती साडेतीनला सुटायची, ती ऑफिसातून घरी निघालेल्यांसाठी. पहिल्या पानावर उजवीकडे वर अण्णांचं तीन कॉलमी चित्र असे. स्टॉलवर घुटमळणारा माणूस आधी ते चित्र बघायचा, मग मथळा वाचायचा, मग खिशात हात घालायचा. साहेब म्हणायचे, आपला पेपर अण्णांच्या ब्रशने विकला जातो, आपण नुसती खाली शाई सांडतो.

अमेरिकेची निवडणूक एरवी आमच्या आतल्या पानावरची. पण ७ नोव्हेंबरला तिथे मतदान संपणार, मोजणीची रात्र म्हणजे आपली ८ तारखेची सकाळ. फ्लोरिडा, न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे. सकाळचे पेपर तोवर छापून वाटून झालेले असणार. त्यांना ही बातमी गुरुवारी मिळणार, आम्हाला बुधवारी दुपारीच. असा योग सांजदैनिकाच्या नशिबी क्वचित येतो. साहेबांनी आदल्या दिवशीच ठरवून टाकलं की उद्या पहिलं पान अमेरिकेचं.

अण्णांनी रात्रीच दोन चित्रं करून ठेवली. पहिलं रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश जिंकले तर लावायचं. व्हाइट हाउसच्या पायऱ्यांवर त्यांचे वडील, माजी अध्यक्ष थोरले बुश आपले भलेथोरले बूट पुढे सरकवताहेत आणि धाकटे त्यात पाय घालताहेत. ओळ होती, ‘बापाचा जोडा पायात आला!’ मुलाच्या पायात बापाचा जोडा आला की त्याला मित्र मानावं, ही आपल्याकडची म्हण. घराणेशाहीवर बोट ठेवायला तिच्यापेक्षा मराठी काय मिळणार? दुसरं चित्र डेमोक्रॅट पक्षाचे ॲल गोर यांचं. आठ वर्षं क्लिंटन यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे असलेले उपाध्यक्ष, आता छत्री क्लिंटन यांच्याच हातात देताहेत.

हत्ती आणि गाढव अण्णांनी कटाक्षाने टाळले होते. रिपब्लिकनांचा हत्ती ही थॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराची करणी, १८७४ पासूनची. अमेरिकेत तो काढला की काम भागतं. आपल्याकडे हत्ती दिसला की लोकांना बहुजन समाज पक्ष आठवणार, नाहीतर गणपती. गाढवाचं तर विचारूच नका. ‘डेमोक्रॅट लोक ते अभिमानाने मिरवतात, हे तळटीप देऊन सांगू का?’ असं अण्णा म्हणाले होते.

मी दोन्ही कार्डं बघितली आणि विचारलं, ‘अण्णा, तिसरं?’

‘तिसरं कशाला? दोघांतला एकच जिंकणार ना?’

मलाही ते पटलं. या प्रकरणातला पहिला निर्णय तोच होता, पण तो निर्णय आहे हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

अडचण

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला अमेरिकेतल्या वाहिन्यांनी फ्लोरिडा गोर यांना देऊन टाकलं. राज्याच्या पश्चिम टोकाला घड्याळ एक तास मागे असतं, त्यामुळे तिथली मतदान केंद्रं तेव्हा बंदही झाली नव्हती. मी सातला ऑफिसात पोचलो तेव्हा अण्णा छत्रीचं चित्र वर काढून ठेवत होते. साडेआठच्या सुमाराला वाहिन्यांनी ते राज्य परत घेतलं. फ्लोरिडा अनिर्णित. छत्री खाली गेली.

मग सकाळभर आकडे हलत राहिले. अकराच्या पुढे एवढं कळलं की सगळं फ्लोरिडावर येऊन थांबलंय. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या निर्वाचक मतांवर, आणि फ्लोरिडात जो पुढे त्याला त्या राज्याची सगळी २५ निर्वाचक मतं. ती ज्याला मिळतील तो अध्यक्ष. बहुमताला २७० लागतात आणि फ्लोरिडा धरून बुश २७१ वर पोचत होते.

बारा वाजून सेहेचाळीस मिनिटांनी (तिथे पहाटेचे सव्वादोन) फॉक्सने बुश यांना विजयी जाहीर केलं. पुढच्या चार मिनिटांत बाकीच्या मोठ्या वाहिन्यांनीही तेच केलं. आमच्या डेस्कवरच्या टीव्हीवर सीएनएन होतं. पडद्यावर बुश यांचा फोटो, खाली अध्यक्ष. पान सोडायला पंधरा मिनिटं उरलेली.

मी एजन्सीची कॉपी चाळली. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने निकाल दिलेला नव्हता. मी तसं सांगितलंही. ‘साहेब, एपीवर अजून नाही.’

‘एपीवर येईपर्यंत गाडी जाईल. पाचही चॅनेलं सांगताहेत ना?’

पाच जणांनी सांगितलं म्हणजे पाच साक्षीदार, असं आम्ही धरलं. प्रत्यक्षात साक्षीदार एक होता आणि तोंडं पाच. या सगळ्या वाहिन्या आणि एपी मिळून व्होटर न्यूज सर्व्हिस नावाची एकच यंत्रणा चालवत होत्या आणि आकडे तिथूनच येत होते. फ्लोरिडातल्या व्होलुशिया काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) एका चुकीच्या नोंदीने गोर यांच्या खात्यातून १६,०२२ मतं चक्क वजा दाखवली होती. ती चूक घोषणेमागच्या हिशोबात मिसळलेली होती. एपी स्वतःचीही बेरीज बघत होती, म्हणून ती थांबली. हे सगळं पुढे कळलं. पण ‘एपी का थांबली असेल?’ हा प्रश्न विचारायला त्यातलं काहीच कळलेलं असण्याची गरज नव्हती.

समोर असलेले पर्याय

त्या पंधरा मिनिटांत डेस्कवर जे बोललं गेलं ते मी जवळजवळ जसंच्या तसं मांडतो. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. बुश यांचं चित्र लावा, बुश यांचा मथळा करा, पान सोडा. मी म्हटलं, मथळा सौम्य करू, ‘बुश विजयाच्या उंबरठ्यावर’. साहेबांनी चित्राकडे बोट दाखवलं. ‘उंबरठ्यावर लिहिणार आणि शेजारी माणूस आत जाऊन बूट घालतोय?’ त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मात्र त्यातून निष्कर्ष चुकीचा निघाला. मथळा आणि चित्र जुळत नसतील तर चित्र बदलायला हवं होतं. आम्ही मथळा बदलला.

आर्टवरच्या पोराने सुचवलं की दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावू, दीड-दीड कॉलम. साहेब म्हणाले, ‘मग लोक म्हणतील, यांना काही माहीत नाही.’ आम्हाला खरंच काही माहीत नव्हतं, पण हे तेव्हा कोणी बोललं नाही. मीही नाही.

आणखी एक वाट होती. अण्णांच्या खणात वाजपेयींच्या गुडघ्याचं एक चित्र पडून होतं. पंतप्रधानांची गुडघ्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबरात मुंबईतच, ब्रीच कँडीत झाली होती आणि त्यावर काढलेलं एक चित्र वापरायचं राहिलं होतं. ते लावलं असतं तर पान जरा शिळं दिसलं असतं, एवढंच. पान अर्धा तास रोखायचा विचार मात्र कोणीच केला नाही. सांजदैनिकात गाडी चुकणं म्हणजे त्या दिवसाचा धंदा चुकणं.

अण्णा खुर्चीत शांत बसले होते. साहेबांनी विचारलं, ‘अण्णा, लावू ना?’

‘लावा. पण एक सांगतो. तुम्हाला बातमीत “बहुधा” लिहिता येतं. मला “बहुधा” काढता येत नाही.’

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं पत्रकारितेच्या पोरांना सांगत आलोय. त्या दिवशी ते ऐकून आम्ही हसलो आणि कामाला लागलो. खरं तर अण्णा तेव्हा नकार देत होते. आम्हाला तो विनोद वाटला.

शब्दांत शक्यतेच्या पायऱ्या असतात. कल, आघाडी, विजयाची चिन्हं, असं जपून बोलता येतं. रेषेला तशा पायऱ्या नाहीत. बुटात पाय घातला की घातला. त्यामुळे अटीतटीच्या निवडणुकीत व्यंगचित्र हे पानावरचं सगळ्यात ठाम विधान होऊन बसतं. बातमीला आम्ही दोन सूत्रं मागतो, चित्राला मात्र कोणी सूत्र विचारत नाही. चित्र म्हणजे ‘मत’, अशी आमची सोयीची समजूत. बापाच्या जोड्यात मुलगा शिरला, यातली घराणेशाहीवरची टीका हे मत होतं. तो शिरला, ही मात्र बातमी होती.

काय केलं

एक वाजून पाच मिनिटांनी पान गेलं. चित्र बूट घालणाऱ्या बुश यांचं. मथळा माझा, ‘बुशच!’

त्यातल्या ‘च’बद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. नुसतं ‘बुश’ तीन कॉलमात भरत नव्हतं, उघडं दिसत होतं. उद्गारचिन्ह घातलं तरी कमी पडत होतं. म्हणून मी ‘च’ लावला. इतर भाषांत ज्याला अख्खा शब्द लागतो ते आपल्याकडे एका अक्षरात होतं. जागेच्या अडचणीपायी मी खात्रीच्या दुप्पट खात्री छापली. साहेबांनी पाठ थोपटली.

अडीचच्या सुमाराला मी चहा घेऊन परत आलो तर डेस्कवर कोणी बोलत नव्हतं. वाहिन्यांनी फ्लोरिडा दुसऱ्यांदा परत घेतलं होतं. गोर यांनी बुश यांना फोन करून अभिनंदन केलं होतं. मग नॅशव्हिलमध्ये जमलेल्या समर्थकांसमोर पराभव मान्य करायला जाताना वाटेतच त्यांना कळलं की फ्लोरिडातलं अंतर वितळत चाललंय. त्यांनी परत फोन करून आधीचा फोन मागे घेतला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दिलेलं अभिनंदन परत घेतलं जाऊ शकतं, हे आमच्यातल्या कुणालाच सुचलं नसतं. पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे तोवर स्टेशनांवर उतरत होते.

दुसऱ्या आवृत्तीला तासभर होता. साहेबांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते, ‘वाजपेयींचा गुडघा काढा.’ अण्णा म्हणाले, ‘गुडघा नको. तेच कार्ड द्या इकडे.’

त्यांनी पांढरा पोस्टर कलर घेतला आणि दोन्ही बुश पुसून टाकले. उरले फक्त बूट. शेजारी त्यांनी दुसरा जोड काढला, काळा, लेसचा, वकिली थाटाचा. उघडं दार बंद केलं. देवळाबाहेर किंवा कुणाच्या तरी घरी लग्नघाईच्या दिवशी दाराशी चपला पडलेल्या असतात ना, तसं दिसायला लागलं. दोन जोडे, एक बंद दार. ओळ काहीच नाही. वीस मिनिटांत झालं.

मथळा झाला ‘फ्लोरिडा अडलं!’ आणि पान वेळेवर गेलं. माझ्या मते ते अण्णांच्या त्या वर्षातल्या सगळ्यात चांगल्या चित्रांपैकी एक. आदल्या रात्री मी ज्या तिसऱ्या चित्राबद्दल विचारलं होतं, ते हेच होतं. पण आदल्या रात्री ते सुचलं नसतं, कारण तेव्हा आमचा सगळा विचार कोण जिंकेल याभोवती फिरत होता.

संध्याकाळी घरी जाताना दादरच्या एका स्टॉलवर मी बघितलं. विक्रेत्याने पहिली आवृत्ती आणि दुसरी आवृत्ती शेजारी शेजारी टांगली होती. लोक थांबून थांबून बघत होते आणि हसत होते. दोन्ही विकल्या जात होत्या. आर्टवरच्या पोराची सूचना अशी अमलात आली.

दुसरा दिवस

९ तारखेला प्रश्न होता, चूक कबूल करायची का आणि कशी.

साहेबांचा कल गप्प बसण्याकडे होता. त्यांची बाजूही दुबळी नव्हती. खुद्द अमेरिकेत न्यूयॉर्क पोस्ट, मायामी हेरल्ड अशा पेपरांच्या काही प्रती बुश जिंकल्याचा मथळा घेऊन बाहेर पडल्या होत्या. शिवाय आम्ही दुसऱ्या आवृत्तीत सुधारणा केलीच होती. कुणीतरी १९४८ची आठवण काढली. शिकागो ट्रिब्यूनने ‘ड्युई यांनी ट्रुमनना हरवलं’ असं छापलं आणि जिंकलेल्या ट्रुमन यांनी तोच अंक हसत हसत उंचावून दाखवला. तिथेही गोम वेळेची होती. छपाई कामगारांच्या संपामुळे पान नेहमीपेक्षा लवकर सोडावं लागत होतं. साहेब म्हणाले, ‘बघा, मोठ्यांचंही होतं.’

मी म्हटलं, ट्रिब्यूनचा तो अंक अजून सगळ्यांच्या लक्षात आहे, तेव्हा मोठ्यांचा दाखला इथे फारसा उपयोगाचा नाही.

निकाल अण्णांनी लावला. त्यांनी सकाळी येतानाच चित्र करून आणलं होतं. जोड्यांच्या दुकानात स्वतः अण्णा (चष्मा, झब्बा, खांद्याला शबनम) काउंटरवर ते भलेथोरले बूट ठेवून उभे आहेत, चेहरा पडलेला. मागे भिंतीवर आपल्याकडच्या प्रत्येक दुकानात असते ती पाटी : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

खाली मी तीन ओळींचा खुलासा लिहिला. कालच्या पहिल्या आवृत्तीत निकाल लागण्यापूर्वीच विजय जाहीर झाला, तो वाहिन्यांवर विसंबून, ही चूक आमची. साहेबांनी ‘वाहिन्यांवर विसंबून’ ठेवलं आणि ‘ही चूक आमची’ काढायला सांगितलं. बरीच ओढाताण होऊन शेवटी तेही छापलं गेलं.

त्या दिवशी फोन आले, पण रागाचे थोडे. बहुतेकांना अण्णांची पाटी आवडली होती. माफी चित्रातून आली म्हणून ती खपली की चूक चित्राची होती म्हणून चित्राची माफी पुरली, याचा निवाडा मला आजही करता येत नाही. एवढं मात्र दिसलं की नुसत्या तीन ओळी कुणी वाचल्या नसत्या. पान एकवर वरच्या कोपऱ्यात केलेली चूक आतल्या पानावर तळाला दुरुस्त करायची, ही आपल्या धंद्यातली जुनी लबाडी. अण्णांनी चूक जिथे केली होती, तिथेच आणि तेवढ्याच जागेत फेडली.

वेगळं काय करता आलं असतं

हे प्रकरण मी वर्गात घेतो तेव्हा पोरं हमखास म्हणतात, ‘सर, टीव्हीवर विसंबायचं नव्हतं.’ ते बरोबर आहे, पण फार सोपं आहे. टीव्हीशिवाय आमच्याकडे दुसरं काय होतं? माझ्या मते चुकीची जागा एक वाजता नव्हतीच. ती साडेआठला होती. एकाच राज्याचा निकाल एकदा देऊन परत घेतला गेला, तेव्हाच अण्णांना सांगायला हवं होतं की दोन्ही चित्रं बाजूला ठेवा. हातात चार तास होते. जोड्यांचं चित्र वीस मिनिटांत झालं.

दुसरं म्हणजे, चित्र आधी करून ठेवण्यात गैर काही नाही, मृत्युलेखही आपण आधीच लिहून ठेवतो. पण जो निकाल येईल त्याचंच चित्र तयार असलं की घाईत हात त्याच्याकडेच जातो. तयार चित्र स्वतःच एक दबाव असतो. त्या दिवशी आमच्याकडे बुश यांचं चित्र तयार नसतं, तर बुश जिंकल्याचं आम्ही इतक्या झटकन मानलं असतं का? मला शंका आहे.

तिसरं, एजन्सी गप्प आहे हे मी सांगितलं आणि सोडून दिलं. वरिष्ठासमोर एकदा बोललो म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं उपसंपादकाला वाटतं. ती तिथे संपत नाही. निदान ‘च’ तरी माझ्या हातात होता.

टिकल्यांचे आठवडे

यानंतर निकाल पस्तीस दिवस लोंबकळत राहिला आणि ‘लोंबकळत’ हा शब्द इथे अगदी अक्षरशः घ्यायचा. फ्लोरिडात तेव्हा अनेक ठिकाणी मत म्हणजे कार्डाला पाडलेलं भोक. भोक पाडल्यावर जो इवलासा तुकडा गळून पडायला हवा, त्याला चॅड म्हणतात. तो गळला नाही तर यंत्र मत मोजत नाही. मग कुठे एका कोपऱ्याने लोंबणारा तुकडा, कुठे नुसता फुगवटा आलेला. फेरमोजणीत यातलं कुठलं मत धरायचं यावर वकील भांडत होते. ब्रॉवर्ड काउंटीतले एक न्यायाधीश भिंगातून कार्ड निरखताहेत आणि त्यांचा डोळा भिंगात बशीएवढा झालाय, हा फोटो जगभर गेला. अमेरिकी व्यंगचित्रकारांना तर आयतं रान मिळालं होतं. त्याच वर्षीच्या कामासाठी ॲन टेल्नेस यांना २००१चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

अण्णांपुढे अडचण वेगळी होती. चॅड मुंबईच्या वाचकाला कसा सांगायचा? दोन दिवस कुरकुरल्यावर त्यांनी त्याला ‘टिकली’ केलं. आरशाला चिकटवून ठेवलेल्या टिकल्या आणि समोर भिंग घेऊन बसलेला वकील. ओळ, ‘ही लावलेली धरायची की काढलेली?’ ते चित्र लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढे आमच्या बातम्यांतही टिकली हाच शब्द रूढ झाला.

या मालिकेतलं एक चित्र मात्र आम्ही छापायला नको होतं. पाम बीच काउंटीत ज्या मतपत्रिकेचा गोंधळ झाला, त्यावर अण्णांनी एक आजीबाई काढली. चष्मा कपाळावर, हातात सुई, आणि ती मतपत्रिकेवर गोधडीला घालावेत तसे टाके घालतेय. आम्ही सगळे खो खो हसलो आणि ते लागलं.

चार दिवसांनी दादरहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं सरळ. त्यांनी लिहिलं होतं की, मतपत्रिका दोन पानांवर पसरवण्याचं कारण तुमच्याच पेपरात छापून आलंय : वयस्कर मतदारांना अक्षर मोठं दिसावं. मग दोन पानांमधल्या भोकांचा क्रम चुकला. डाव्या यादीत गोर दुसरे, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या, रिफॉर्म पक्षाच्या बुकॅनन यांचं. तेव्हा डोळे म्हातारीचे गेलेत की मांडणी करणाऱ्याचे? तुम्ही हसताय कोणाला?

मी पत्र अण्णांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘बाई बरोबर आहे. मी परत तेच केलं.’

आठ तारखेसारखंच इथेही चित्राने एक विधान केलं होतं : चूक मतदाराची आहे. पाम बीचमध्ये अध्यक्षपदासाठी एकाहून जास्त भोकं पाडलेली एकोणीस हजारांहून जास्त कार्डं बाद झाली. बुकॅनन यांना त्या एका काउंटीत ३,४०७ मतं पडली, आणि आपल्याला तिथे इतकी मतं मिळणं शक्य नाही असं खुद्द तेच म्हणाले. एवढ्या माणसांचं एकाच ठिकाणी, एकाच तऱ्हेने चुकत असेल तर कागदाकडे बघायला हवं. पण आजी काढायला सोपी आणि कागद काढायला अवघड. विनोद नेहमी सोप्याकडे घसरतो, तेही दुबळ्या माणसाच्या दिशेने.

अण्णांनी मग कागद काढला. पत्र आम्ही पूर्ण छापलं आणि शेजारी त्यांचं नवं चित्र. मोठ्ठ्या अक्षरांची मतपत्रिका, तिच्यासमोर आपल्या सरकारी कचेरीतला चष्मेवाला कारकून अभिमानाने उभा, ‘बघा आजी, आता स्पष्ट दिसतं ना?’ आणि बाण सगळे भलत्याच भोकाकडे. कारकून आपला का घातला असं मी विचारलं, तर म्हणाले, अमेरिकन कारकून कसा दिसतो मला ठाऊक नाही.

याच दिवसांत ‘आमच्याकडे बघा’ छापाची चित्रं काढण्याचाही मोह होता. भारताने अमेरिकेला निवडणूक निरीक्षक पाठवावेत, हा विनोद तेव्हा लोकलच्या डब्याडब्यांत चालला होता. त्याला आधारही होता. १९९९ साली गोव्याची अख्खी विधानसभा निवडणूक मतदान यंत्रांवर झाली होती आणि इथे जगातली महासत्ता भिंगातून टिकल्या बघत होती. अण्णांनी एक चित्र काढलं, गोव्यातला एक बाप्पा यंत्र काखोटीला मारून फ्लोरिडाच्या विमानात चढतोय. एकदा चाललं. साहेबांना त्याची मालिका हवी होती. अण्णांनी हात जोडले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून शिक्का आणि कागदच होता, हे त्यांनी सांगितल्यावर साहेबही गप्प झाले.

१३ आणि १४ डिसेंबर

२६ नोव्हेंबरला फ्लोरिडाने अधिकृत आकडा जाहीर केला. साठ लाखांच्या आसपास मतांत बुश ५३७ने पुढे. आम्ही चित्र लावलं ते बंद दाराचंच, फक्त दारावर वकिलांच्या पाट्यांची रांग. आता आम्ही शहाणे झालो होतो, किंवा घाबरलो होतो. दोन्हींत फरक करणं कठीण.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या १३ डिसेंबरच्या सकाळी साडेआठच्या सुमाराला आला. टीव्हीवर वार्ताहर न्यायालयाच्या पायऱ्यांवर थंडीत उभे राहून निकालपत्राची पानं उलटत होते आणि काय लिहिलंय ते त्यांनाच उमगत नव्हतं. फ्लोरिडातली फेरमोजणी थांबली, पाच न्यायाधीश विरुद्ध चार. या वेळी हातात साडेचार तास होते. साहेबांनी स्वतःहून सांगितलं, ‘गोर काय म्हणतात ते कळेपर्यंत बुश जिंकले असं लिहायचं नाही.’ त्या दिवशी पानावर न्यायालय होतं, विजेता नव्हता. गोर यांचं पराभव मान्य करणारं भाषण १४ तारखेला सकाळी साडेसात वाजता आम्ही सगळ्यांनी डेस्कवर उभं राहून ऐकलं.

ते संपल्यावर साहेब अण्णांकडे वळले. ‘काढा आता ते जोड्याचं. आता चालेल. खरं ठरलं.’

पहिल्या आवृत्तीच्या चित्राची फिल्म जपून ठेवलेली होती. ते जसंच्या तसं लावता आलं असतं आणि ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’ असा टेंभाही मिरवता आला असता. सांजदैनिकाच्या दृष्टीने ती नामी कल्पना होती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मीसुद्धा बाजूने होतो.

अण्णा नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं, त्या चित्रात मुलाने स्वतः पाय घातलाय. आता तसं झालेलं नाही. माणूस तोच, बूट तेच, पण गोष्ट वेगळी.

त्यांनी नवं काढलं. खुर्चीत बुश बसलेत, पाय पुढे. काळ्या झग्यातले नऊ न्यायाधीश. पाच जण बूट चढवायची पट्टी लावून जोर करताहेत, चार जण तोच बूट उलट्या बाजूने ओढताहेत. कोपऱ्यात बंद दारापाशी लेसचा काळा जोड एकटा पडलाय.

साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘इथल्या कोर्टावर असं काढलं असतं का, अण्णा?’ न्यायालयाच्या अवमानाचा कायदा आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ होता.

‘नसतं काढलं,’ अण्णा म्हणाले. ‘म्हणून तर तिथल्यांवर काढून घेतोय.’

मथळा मी लिहिला, ‘बुश’. तीन कॉलमात तो उघडा दिसत होता. तसाच सोडला.

जोड्यांचं कार्ड अण्णांनी निवृत्त होताना मला दिलं. पांढरा रंग आता पिवळा पडलाय आणि तिरक्या उजेडात धरलं की त्याखाली थोरल्या बुश यांचा हात अजून दिसतो. पाठीमागे अण्णांच्या हातची पेन्सिल आहे : ‘८ नोव्हें. १२.५० ला लागलं. २.४० ला पुसलं.’